बसल्या फांदीवर

जिन्याच्या सातव्या पायरीवर आमचं वायफाय संपायचं. सहावीपर्यंत फोनवर तीन रेघा, सातवीवर पाऊल टेकलं की एक, आणि वरच्या खोलीचं दार उघडेपर्यंत समोरच्या माणसाचा चेहरा अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसकट गोठलेला. माझं कामाचं टेबल नेमकं वरच्या खोलीत. त्यामुळे महत्त्वाचं बोलणं असलं की मी लॅपटॉप मांडीवर घेऊन पाचव्या पायरीवर बसायचे आणि वर-खाली करणारे मला ओलांडून जायचे.

आधी एक रिपीटर लावून पाहिला होता. तो सोपा, सॉकेटमध्ये खोचला की झालं. पण खालून आलेलं तो ऐकतो आणि त्याच रेडिओवरून पुन्हा ओरडून सांगतो. ऐकणं आणि ओरडणं एका वेळी जमत नाही, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यात मी तो लावला वरच्या खोलीत, म्हणजे जिथे त्यालाच धड ऐकू येत नव्हतं. फोनवर रेघा भरपूर आणि नेट नाही, असा तो प्रकार. शेवटी ठरवलं, राउटरपासून वरपर्यंत सरळ केबल ओढायची आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा. केबल ओढण्यात एक दिवस गेला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं जे झालं ते पुढे, खुर्चीत बसल्या बसल्या झालं.

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे राउटरचाच धाकटा भाऊ, अशी माझी समजूत होती. तसं नाही. राउटर बाहेरच्या लाइनशी बोलतो, घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, वाटतो, आतलं आणि बाहेरचं वेगळं ठेवतो. अ‍ॅक्सेस पॉइंट यातलं काही करत नाही. तारेतून आलेलं हवेत सोडायचं आणि हवेतलं तारेत घालायचं, एवढंच त्याचं काम. हे मी त्या दिवशी वाचलं होतं. कळलं मात्र दुसऱ्या दिवशी.

पहिला घोळ विजेचा. या यंत्राला वेगळी वायर नसते, नेटवर्कच्या केबलमधूनच वीज जाते. पीओई म्हणतात त्याला. त्याचं पहिलं मानक, ८०२.३एएफ, २००३ सालचं. त्यात देणाऱ्या टोकाला जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात. माझा राउटर केबलमध्ये वीज सोडणारा नव्हता, म्हणून डब्यात एक इंजेक्टर होता. काळा ठोकळा, त्याला शेजारी शेजारी दोन अगदी सारखे पोर्ट. एकावर ‘लॅन’, दुसऱ्यावर ‘पीओई’, पण अक्षरं काळ्या प्लास्टिकवर काळीच उठवलेली. मी उलटं लावलं. पाच मिनिटं यंत्र मेलेलं निघालं या दुःखात होते. फोनचा टॉर्च तिरपा धरल्यावर अक्षरांची सावली पडली आणि वाचता आली. केबली अदलाबदल केल्या, टोकाचा चिमटा टक् करून बसला, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पांढऱ्या तबकडीच्या कडेला निळा दिवा लुकलुकायला लागला.

आता खरं काम. तबकडी टेबलावर, इंजेक्टरची दुसरी केबल लॅपटॉपमध्ये. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: ब्राउझर उघडा, १९२.१६८.१.१ असं टाइप करा, नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. मी टाइप केलं. लगेच लॉगिनचं पान आलं. पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके आधीच भरलेले होते. मला वाटलं, वा, काय सोय आहे. मी लॉगिन दाबलं आणि आत गेले.

त्या भरलेल्या ठिपक्यांपाशी मी थांबायला हवं होतं.

आतलं पान ओळखीचं वाटलं, पण त्यात नवल नव्हतं. खालचा राउटरही याच कंपनीचा, दोघांची पानं एकाच साच्यातली. ‘ऑपरेशन मोड’ असं एक कलम होतं, त्यात ‘राउटर’वर खूण होती. कारखान्यातून चुकीचा मोड लावून आलंय, असं म्हणत मी खूण ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’वर नेली. एक पिवळी पट्टी आली. तिच्यात काहीतरी इशारा होता, तो मी वाचला नाही. ‘अप्लाय’ दाबलं. टक्के मोजणारी रेघ सरकायला लागली. टेबलावरच्या तबकडीचा दिवा मात्र ढिम्म. जसा लुकलुकत होता तसाच लुकलुकत राहिला.

रेघ शंभरावर पोचायच्या आत खालून धाकट्या भावाची हाक आली, “ताई, नेट गेलं का?”

मी म्हणाले, “एक मिनिट, मी वर काम करतेय.” मग आईचा आवाज, “अगं, तू काम करतेयस म्हणूनच गेलं का ते विचारतोय तो.”

झालं होतं असं. नव्या तबकडीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१, आणि आमच्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१. लॅपटॉपला तबकडीची केबल लावलेली होती, पण त्याचं वायफायही चालू होतं आणि ते खालच्या राउटरला जोडलेलं होतं. आता तबकडी काही पत्ते वाटत नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या केबलच्या बाजूला पत्ताच मिळाला नव्हता. कोणी पत्ता देईना की यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेऊन बसतं, तसं ते बसलं होतं. ब्राउझरने मी सांगितलेला पत्ता शोधला तो वायफायवरून, आणि तिथे त्याला तो नीट सापडला. ते भरलेले ठिपके म्हणजे मीच कधीतरी ब्राउझरला लक्षात ठेवायला सांगितलेला राउटरचा पासवर्ड. मी जिन्याखालच्या राउटरच्या दारातून आत शिरून त्याला सांगितलं होतं की आजपासून तू राउटर नाहीस. त्याने ऐकलं. पत्ते वाटणं थांबवलं, बाहेरच्या लाइनवर लॉगिन करणंही थांबवलं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरांत मॉडेल नंबर असतो. तो वाचला असता तर हे सगळं टळलं असतं.

पुढचा दीड तास जिन्याखाली मांडी घालून गेला. राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली, सगळे दिवे एकदम लागून विझले, आणि राउटर कोरी पाटी झाला. लाइनचं लॉगिन आणि पासवर्ड एका जुन्या ईमेलमध्ये होते. ईमेल बघायला नेट हवं. मोबाइलच्या डेटावर, एक रेघ असताना, ते ईमेल शोधलं. सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवायचं बटण राउटरच्या पानावर वर्षानुवर्षं होतं. मी ते पहिल्यांदा दाबलं ते त्या रात्री, सगळं पुन्हा हाताने भरून झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं, हसली नाही (नंतर हसली), आणि एकच प्रश्न विचारला, “लॅपटॉपचं वायफाय बंद केलं होतंस का?”

तर या वेळी आधी ते बंद. मग केबलच्या बाजूला हाताने पत्ता दिला: १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या वाटेची, चौकट रिकामी. म्हणजे आता लॅपटॉप आणि तबकडी दोघंच, मध्ये एक मीटरभर तार, जगाशी संबंध नाही. पत्ता टाइप केला तर ब्राउझर तो शोधायला निघाला, आणि नेटच नाही म्हणून तक्रार करायला लागला. पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस, कोलन आणि दोन तिरक्या रेघा लावल्यावर त्याला समजलं. मग लाल पान: तुमचं कनेक्शन खाजगी नाही. एरवी असं पान आलं की मी टॅब बंद करते. इथे ते येणारच होतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरोघरी तेच ते वापरलेले असतात, त्यांच्यासाठी बाहेरची कुठलीही संस्था ओळखीचं प्रमाणपत्र देत नाही, म्हणून यंत्र आपलं प्रमाणपत्र आपणच सही करून दाखवतं. कोणी मधे नाही हे मला तार बघूनच दिसत होतं. पुढे गेले. लॉगिनचं पान आलं, पासवर्डची चौकट रिकामी. ती रिकामी चौकट बघून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. कोपऱ्यातला मॉडेल नंबर तबकडीच्या पाठीवरच्या नंबराशी अक्षर अक्षर जुळवला.

आत गेल्या गेल्या दोन गोष्टी त्याने स्वतःच मागितल्या, नवा पासवर्ड आणि देश. देश म्हणजे नुसता उपचार नाही. कुठली चॅनेलं वापरायची आणि किती जोरात बोलायचं याचे कायदे देशागणिक वेगळे, आणि यंत्र ते त्यावरूनच ठरवतं. मग मी पहिलं काम केलं ते पत्ता बदलण्याचं. राउटर १०० ते १९९ या टोकांचे पत्ते वाटतो, म्हणून तबकडीला त्याबाहेरचा १९२.१६८.१.२ दिला, आणि अप्लाय दाबलं.

चक्र फिरत राहिलं. एक मिनिट, दोन मिनिटं. काल रात्रीची आठवण ताजी होती, पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की पान येणार कुठून? ज्या पत्त्यावर मी उत्तराची वाट बघत होते, तो पत्ता मीच आत्ता रद्द केला होता. टोकाला २ घालून पुन्हा टाइप केलं, आणि पान समोर उभं. हा या कामाचा स्वभावच आहे: ज्या वाटेने आत जाऊन बदल करायचे, ती वाटच त्या बदलांत मोडते. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची, फक्त घाव घालायच्या आधी दुसरी फांदी कुठे आहे ते पाहून ठेवायचं. तेव्हापासून मी प्रत्येक अप्लायच्या आधी कागदावर लिहायला लागले, याच्यानंतर मी आत कशी येणार.

मग नाव. मला नेटवर्कचं नाव मराठीत हवं होतं. चौकटीखाली लिहिलं होतं, १ ते ३२ अक्षरं. मी लिहिलं, ‘माझं घर वरचा मजला’. नाव फार मोठं आहे, म्हणे. मी बोटांवर मोजलं. काना, मात्रा, अनुस्वार, मधल्या जागा, सगळं वेगळं धरूनही सतराच होतात. तीन वेळा मोजलं. मग कळलं की ती मर्यादा अक्षरांची नाहीच, बाइटची आहे. रोमन लिपीतल्या एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, अगदी एकट्या कान्यालासुद्धा, तीन लागतात. माझी चौदा चिन्हं म्हणजे ४२ आणि मधल्या तीन जागा, असे ४५ बाइट. ज्याने ती ओळ चौकटीखाली लिहिली त्याला एक अक्षर म्हणजे एक बाइट असंच वाटत असणार. ‘वरचा मजला’ २५ मध्ये बसलं. फोनवर ते सुरेख दिसलं. जुन्या प्रिंटरच्या पडद्यावर त्याजागी प्रश्नचिन्हांची माळ आली.

आणि एवढं करून ते नाव मी काढून टाकलं. मैत्रीण म्हणाली, वर-खाली फिरताना फोनने आपोआप बदलायला हवं असेल तर दोन्हीकडे नाव तेच ठेव, पासवर्ड तोच, सुरक्षेचा प्रकारही तोच. वेगळं ठेवायचं ते फक्त चॅनेल. हे पटलं. पण तिने जाता जाता आणखी एक सांगितलं, ते मला आजही थोडं खटकतं: कुणाला जोडायचं आणि कधी सोडायचं हे शेवटी फोन ठरवतो. तबकडी फार तर सुचवू शकते. म्हणजे मी एवढी मांडामांड करायची आणि निर्णय खिशातल्या यंत्राने घ्यायचा.

सुरक्षेत मी हावरटपणा केला. यादीत सगळ्यात नवं डब्ल्यूपीए-थ्री होतं, २०१८ साली आलेलं, तेच निवडलं. खालोखाल डब्ल्यूपीए-टू, २००४ चं. तळाशी अजूनही डब्ल्यूईपी होतं, जे २००१ मध्येच फोडून झालेलं आहे. ते या यादीत कुणासाठी ठेवलंय कोण जाणे. नवा प्रकार लावल्यावर प्रिंटर गायब झाला. त्याला डब्ल्यूपीए-टूच्या पुढचं येत नाही. तेव्हा दोन्ही चालतील असा मिश्र प्रकार ठेवला, आणि खालीही तोच. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा आणि फक्त रोमन चिन्हांत; इथे मराठीचा हट्ट करायची सोयच नाही. मी चार असंबद्ध शब्दांचा लांबलचक ठेवला. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद केली. तिच्यातला आठ आकडी पिन यंत्र दोन तुकड्यांत तपासतं हे २०११ मध्ये उघड झालं. त्यामुळे तो शोधायला कोट्यवधी नव्हे, फार तर ११,००० प्रयत्न पुरतात.

चॅनेलांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेलं पाच पाच मेगाहर्ट्‌झवर आखलेली आहेत, पण प्रत्येक बोलणं वीस मेगाहर्ट्‌झची जागा घेतं. म्हणून एकमेकांच्या अंगावर न जाता मावतात ती तीनच: १, ६ आणि ११. तबकडीतल्या स्कॅनने आसपासची नेटवर्कं दाखवली तेव्हा बहुतेक मंडळी या तिघांवरच होती, आणि एकजण ३ वर. त्याला वाटलं असेल, मी मोकळी जागा शोधली. तो १ वाल्यांनाही त्रास देतो आणि ६ वाल्यांनाही, आणि दोघांचाही त्रास त्याला. एकाच चॅनेलवरचे निदान एकमेकांचं बोलणं ऐकून थांबतात. अर्धवट अंगावर आलेल्याचं बोलणं नुसता गोंगाट असतो. खालचा राउटर ६ वर होता, मी वरची तबकडी ११ वर बसवली.

५ गिगाहर्ट्‌झला जागा ऐसपैस. तिथे ५२ वर कुणीच नव्हतं. मी ते निवडलं आणि अप्लाय दाबलं. फोनवर नाव दिसेना. पुन्हा अप्लाय. दिसेना. ५२ काढून पुन्हा ५२ लावलं. दिसेना. असं पाच-सहा वेळा झालं, आणि मी मनातल्या मनात तबकडी परत करायच्या ईमेलचं पहिलं वाक्यही रचलं. मग पानाच्या तळाशी एक लहानशी ओळ दिसली: ‘चॅनेल तपासणी चालू’, आणि पुढे उलटे मोजले जाणारे सेकंद. त्या चॅनेलांवर रडारही चालतात. म्हणून तिथे तोंड उघडण्याआधी यंत्राला निदान ६० सेकंद गप्प बसून कानोसा घ्यावा लागतो. मी दर चाळीस सेकंदांनी अप्लाय दाबत होते आणि ते बिचारं दर वेळी शून्यापासून कानोसा घेत होतं. हात मांडीखाली दाबून ठेवले. ६० सेकंद झाले आणि नाव आलं. तरी शेवटी मी ३६ वरच ठेवलं. तिथे ही भानगड नाही, आणि मध्येच रडारची चाहूल लागली म्हणून चॅनेल बदलायची वेळही येत नाही.

पत्ते वाटण्याची सोय, डीएचसीपी, तबकडीतही होती, बंद. ती बंदच राहू द्यायची. एका घरात दोघं पत्ते वाटायला बसले की निम्म्या यंत्रांना चुकीची वाट दाखवली जाते.

केबल आता राउटरला जोडली. लॅपटॉपचं वायफाय चालू केलं, वरच्या खोलीत नेट धो धो आलं. मला वाटलं, संपलं. सहज लॉग उघडला, तर प्रत्येक नोंदीवर तारीख १ जानेवारी १९७०. या यंत्रांत घड्याळ जिवंत ठेवणारी बॅटरी बहुधा नसते; चालू झाली की संगणकी काळाच्या आरंभापासून मोजायला लागतात आणि खरी वेळ नेटवरून विचारून घेतात. मग हिने विचारून का घेतली नाही? नव्या फर्मवेअरची (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरची) चौकशी करायचं बटणही ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणत होतं. आणि मी तिच्यातूनच व्हिडिओ बघत होते! यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं. उत्तर पहिल्याच दिवशी वाचलेल्या वाक्यात होतं. ती फक्त तारेतलं हवेत आणि हवेतलं तारेत करते. माझं बोलणं तिच्यातून पार जातं, त्यासाठी तिला स्वतःला बाहेरची वाट ठाऊक असायची गरज नाही. पण तिला स्वतःला काही विचारायचं असेल तर तिलाही गेटवे लागतो, आणि पत्ता बदलताना ती चौकट मी रिकामी सोडली होती. गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) दोन्हींत राउटरचा पत्ता भरला. दोन मिनिटांत लॉग १९७० मधून आजच्या तारखेवर आला.

फर्मवेअर मात्र मी फाइल उतरवून, केबल लावूनच बदललं. वायफायवरून नाही, वायफाय तर मधेच जाणार. त्याच नावाच्या मॉडेलच्या दोन आवृत्त्या होत्या, दोघींच्या फाइली वेगळ्या, आणि आवृत्ती कुठली ते फक्त पाठीवरच्या कागदावर. रेघ सरकत असताना मी इंजेक्टरच्या वायरीपासून पाय लांब ठेवले.

पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं, त्याला नाव ‘पाहुणे’, १८ बाइट. तिथे तरी मराठी राहिलं. ‘आयसोलेशन’ला खूण केली, म्हणजे पाहुणे एकमेकांची यंत्रं बघू शकणार नाहीत. मग भावाचा फोन त्यावर जोडून त्याला म्हटलं, आता राउटरचं पान उघडतं का बघ. उघडलं. पाहुणे एकमेकांपासून वेगळे झाले होते, घरापासून नाही. सगळे त्याच तारेतून खाली जात होते. खरं वेगळं करायचं तर व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेत वेगवेगळी नेटवर्कं चालवायचा प्रकार, लागतो आणि आमच्या राउटरला तो समजत नाही. तबकडीतच ‘फक्त इंटरनेट’ अशी आणखी एक खूण सापडली, तिने घरातले पत्ते बंद केले. भावाने पुन्हा पाहिलं. पान नाही. प्रिंटर नाही. व्हिडिओ चालतोय.

राहिला तो तबकडीचा, म्हणजे तिच्या सिग्नलचा, आवाज किती मोठा ठेवायचा एवढाच प्रश्न. सुरुवातीला २० डीबीएमवर होतं, म्हणजे १०० मिलिवॅट. जास्त ते चांगलं, असं मला वाटत होतं. पण फोन बराच हळू बोलतो. तबकडीने कितीही ओरडून सांगितलं तरी फोनचं उत्तर तिच्यापर्यंत पोचायला हवं. शिवाय ती इतकी लांबवर ऐकू आली की खाली स्वयंपाकघरात गेलेला फोनही तिलाच चिकटून राहतो. दर तीन डीबीएमला ताकद निम्मी होते. मी १७ केलं, मग १४, आणि प्रत्येक वेळी फोनवर बोलत जिन्यावरून वर-खाली फिरले. सातव्या पायरीवर आता रेघा हलत नाहीत. वर जाताना फोन नवव्या पायरीवर तबकडी धरतो, उतरताना मात्र तिला पार तिसऱ्या पायरीपर्यंत सोडत नाही. तो त्याचा निर्णय.

बॅकअप फाइल काढली, दोन ठिकाणी ठेवली. तबकडीच्या पाठीवर तिचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि मग तिला छताला बसवलं.

आठवड्याने कामासाठी दुसरीकडे गेले होते. तिथलं वायफाय गर्दीमुळे रडत होतं, म्हणून मी भिंतीतल्या पोर्टला लॅपटॉपची केबल लावली. नेट नाही. पोर्ट बदलला, केबल बदलली. नाही. तिथल्या माणसाला बोलावून, थोड्या वरच्या पट्टीत, तुमची लाइन बंद आहे म्हणून सांगितलं. त्याने शांतपणे माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला, दोन खिडक्या उघडल्या आणि पडद्यावर बोट ठेवलं. १९२.१६८.१.१०. गेटवे रिकामा.